कॉन्टेसाच्या नाकावरचा लाल दिवा

ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात लोक येतात ते दिवा पेटत नाही म्हणून. दिवा नीट विझत नाही, अशी तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी एवढ्या वर्षांत एकदाच पाहिलं.

मे महिना होता, सकाळी दहालाच नागपूरच्या घाट रोडचं डांबर चटके देत होतं. एमएच-31 पासिंगची काळी कॉन्टेसा दुकानापुढे लागली. तिच्यातून वेकोलि या कोळसा कंपनीतून रिटायर झालेले एक काका उतरले आणि मागोमाग त्यांचे शाळेपासूनचे मित्र. काका त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत होते. काकांनी बॉनेट उघडलंच नाही, थेट ग्रिलकडे बोट दाखवलं.

“भाऊ, नाइट रायडर पाहिली होती का?”

पाहिली होती ना, भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर, शेजाऱ्यांकडे. अमेरिकेत एनबीसीवर 1982 ते 1986 चाललेली मालिका. डेव्हिड हॅसलहॉफ हिरो, पण पोरं पाहायची ती ‘किट’ला, म्हणजे बोलणाऱ्या काळ्या पॉन्टिॲक ट्रान्स ॲमला. तिच्या नाकावर लाल दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत राहायचा. काकांनी तसाच दिवा म्हणून ऑनलाइन एलईडीची पट्टी मागवून ग्रिलमागे चिकटवली होती. बटण दाबलं, पट्टी पळू लागली.

“फरसाणच्या दुकानाची पाटी वाटून राहिली बे,” प्रोफेसर म्हणाले.

“रंग तोच, स्पीड तोच. आणखी काय पाहिजे तुला?”

“मग ते पाहून राहिलं असं काहून नाही वाटत?”

वाद इथूनच पेटला आणि तासभर चालला. मी एका रिक्षाचा स्टार्टर खोलत ऐकत होतो. हा दिवा काही किटचा स्वतःचा नाही, असं प्रोफेसर सांगत होते. मालिकेचा कर्ता ग्लेन लार्सन. त्याच्याच 1978च्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’मध्ये सायलॉन नावाच्या यंत्रमानवांच्या डोळ्यांत असाच दिवा फिरतो. म्हणजे तो मुळात डोळाच! काकांनी उलट किटच्या आवाजाचा विषय काढला. आवाज विल्यम डॅनियल्सचा, आणि त्यानेच स्वतःचं नाव पडद्यावर नको म्हणून सांगितलं होतं. चौथ्या सीझनमध्ये गाडीला पंख आणि झडपा फुटतात, ते दोघांनाही आवडत नव्हतं. एकमत झालेली तेवढीच एक गोष्ट.

माझं मत विचाराल तर गाडीची निवड काकांनी बरोबर केली होती. लांब बॉनेट आणि बसकी चाल आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत कॉन्टेसाइतकी कुणाला शोभत नाही. इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन ट्रान्स ॲमच्या व्ही-8 पुढे काहीच नाही, पण उभ्या गाडीला इंजिन कोण विचारतो?

शेवटी मी हात पुसले आणि काकांच्या मोबाइलवर किटचा जुना व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. प्रोफेसरांचं म्हणणं खरं निघालं. एक दिवा पेटला की त्याच्या मागचा लगेच मरत नाही, मंद होत जातो, त्यामुळे उजेडाला शेपूट येतं. ते तारेच्या बल्बचं काम. करंट तोडला तरी आतली तार तापलेली असते, निवायला वेळ घेते. एलईडीला असं निवणं ठाऊकच नाही. करंट गेला की त्याच क्षणी अंधार.

मग बल्ब लावून पाहिले. आधी पार्किंगचे 5 वॅटचे. त्यांची तार बारीक, लवकर निवते, शेपूट आखूड आलं. मग इंडिकेटरचे 21 वॅटचे लावले. जाड तार, संथ विझणं. प्रोफेसर खुर्चीवरून उठून गाडीसमोर जाऊन उभे राहिले.

पण सर्किटवर पुन्हा घोडं अडलं. माझ्याकडचा पोरगा डिप्लोमा करतो. तो सीताबर्डीच्या मोदी गल्लीतून ‘नाइट रायडर’ याच नावाने ओळखलं जाणारं सर्किट घेऊन आला. त्यात 555 आणि 4017 या दोन आयसी, म्हणजे चिप: 555 ठोके देते आणि दर ठोक्याला 4017 पुढचा दिवा पेटवते. 4017 ला दहा आउटपुट. जायला सहा, परत यायला मधले चार, झाले दहा. म्हणजे दिवे सहाच.

“आठ पाहिजेत,” प्रोफेसर म्हणाले. काका म्हणाले, सहात भागते. प्रोफेसरांनी थांबवलेल्या चित्रावर बोट टेकवून एकेक मोजून दाखवले. आठासाठी चौदा पायऱ्या लागतात, म्हणून पोराने छोट्या कंट्रोलरच्या बोर्डवर प्रोग्राम लिहिला. थंड तार पहिल्या झटक्याला नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, म्हणून प्रत्येक बल्बला वेगळा मॉस्फेट, म्हणजे न हलणारा इलेक्ट्रॉनिक स्विच दिला. रिले टकटक करत बसला असता आणि चार दिवसांत त्याचे पॉइंट जळाले असते.

फिटिंगच्या आधी मी काकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. मोटार वाहन नियमांत 108वा नियम आहे: साध्या गाडीला पुढच्या बाजूने लाल दिवा दाखवता येत नाही. शिवाय कायद्याच्या 52व्या कलमाने कंपनीच्या मूळ गाडीत मनाने बदल चालत नाहीत, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. काका थोडे रागावले. “इतकी मेहनत करून अंगणातच पाहायचा का?”

“हो, अंगणातच,” मी म्हणालो. हे काम करणारे दुसरे मिळतील, पण माझ्या दुकानातून लाल डोळा लावलेली गाडी वर्धा रोडवर जाणार नाही.

मग आठही बल्ब एका पत्र्याच्या चौकटीत बसवले. ग्रिलला कुठे भोक पाडलं नाही, गाडीच्या वायरिंगचा एक धागा कापला नाही. बॅटरीवरून फ्यूज टाकून वेगळी लाइन काढली आणि मध्ये कपलर दिला. चार बोल्ट काढले की चौकट हातात.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून ट्रायल घेतली. काका, प्रोफेसर, पोरगा, रिक्षावाला आणि समोरचा पंक्चरवाला असे सगळे वाकून पाहत होते. रिक्षावाल्याने मालिका कधीच पाहिली नव्हती, तरी तो एक पाऊल मागे सरकला. प्रोफेसर म्हणाले, “आता पाहून राहिली.” काकांनी लगेच बिल विचारलं, म्हणजे पसंत पडलं.

चौकट उतरवून डिकीत ठेवली. निघताना प्रोफेसर खिडकीतून म्हणाले, गाडीला बोलतं करायचं असेल तर किती होतील? मी म्हटलं, वायरिंगपर्यंतच माझी हद्द, बोलायला तुम्ही बसलेच आहात ना शेजारी.