शाळेच्या शेताची हिशेबवही

शाळेमागची २०० चौरस मीटर पडीक जागा मुलांच्या हाती द्यावी, तिथे त्यांच्याकडून भाजीपाला पिकवून घ्यावा आणि तो विकण्यापर्यंतचा सगळा व्यवहार त्यांनीच सांभाळावा, असा प्रस्ताव मी विज्ञानशिक्षक म्हणून मांडला, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त शेती होती. ‘व्यवसाय’ हा शब्द मी प्रस्ताव भारदस्त दिसावा म्हणून घातला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

परवानगी लवकर मिळाली. पहिले काम मातीचा नमुना काढण्याचे होते. जमिनीवर नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्यायचे, १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची कडेची माती खरवडायची, ती एकत्र मिसळून तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच करत राहायचे, अशी साधी रीत आहे. तरीही एका गटाने दोन खड्डे झाडाखाली घेतले, कारण तिथे ऊन लागत नव्हते. पालापाचोळा कुजून झाडाखालची माती बाकीच्या जागेपेक्षा वेगळी झालेली असते, म्हणून सगळा नमुना फेकून पुन्हा काढावा लागला. मुले वैतागली. मला मात्र ते बरेच वाटले, कारण नमुना चुकला की अहवालही चुकतो ही गोष्ट फळ्यावर लिहून पटत नाही. अहवालात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणातून मातीत येणारा कार्बन, कमी निघाला, तेव्हा चांगले कुजलेले शेणखत घालून गादीवाफे तयार केले आणि सत्र संपण्याच्या आत हाती येतील अशी पालक, मेथी आणि मुळा ही पिके निवडली.

मुळ्याचे बियाणे कोणीतरी आणून दिलेले, जुने होते. ते तसेच पेरण्याऐवजी १०० बिया ओल्या कापडावर ओळीने मांडून त्याची गुंडाळी करून ठेवली. दहाव्या दिवशी एका मुलीने ती बाकावर उलगडली आणि काडीच्या टोकाने एकेक बी बाजूला सारत मोजायला सुरुवात केली. धड कोंब आलेल्या बिया ५८ भरल्या. उरलेल्यांपैकी काही बुरशीने माखलेल्या होत्या, काही नुसत्याच फुगून राहिल्या होत्या. “सर, हे विकत घेतलं असतं तर जवळजवळ निम्मे पैसे मातीत गेले असते,” ती म्हणाली. मी उगवणक्षमता शिकवत होतो आणि ती खर्चाचा विचार करत होती.

पाण्याचेही तसेच झाले. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर, हे मुलांना माहीत होते. पायवाटा वगळता प्रत्यक्ष वाफे १२० चौरस मीटरचे होते. दिवसाला ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर ६०० लिटर, म्हणजे १० लिटरच्या झारीच्या ६० फेऱ्या. हे उत्तर फळ्यावर आले तेव्हा त्या दिवशी पाण्याची पाळी असलेल्या गटाने एकमेकांकडे पाहिले आणि ठिबकची मागणी तिथेच झाली.

पीक चांगले आले आणि माझी चूक उघडी पडली. आम्ही सगळा पालक एकाच दिवशी पेरला होता, त्यामुळे तो एकाच आठवड्यात काढणीला आला. मुलांचे आईवडील, शिक्षक आणि शेजारी मिळून जेवढा घेऊ शकत होते त्याच्या दुप्पट माल वाफ्यात उभा होता, आणि पालेभाजी थांबत नाही. शिवाय प्रत्येकाने आपापल्या मुठीच्या अंदाजाने जुड्या बांधल्या होत्या. तराजूवर ठेवल्या तेव्हा एक जुडी १८० ग्रॅमची निघाली, तर दुसरी ३२० ग्रॅमची, आणि दोन्हींचा भाव एकच होता. बऱ्याच जुड्या सोडून २५० ग्रॅमच्या पुन्हा बांधल्या.

हंगामाअखेर मुलांनी विक्रीतून बियाणे, खत आणि सुतळी यांचा खर्च वजा केला आणि नफा जाहीर केला. टाळ्याही झाल्या. मग हजेरीची वही सांभाळणाऱ्या एका मुलाने विचारले, “सर, आपले तास कुठे धरलेत?” अंतर्गत गुणांसाठी कोण किती वेळ शेतात राबला याची नोंद तो रोज करत होता. शेतमजुरीच्या दराने ते तास मांडले, ठिबकच्या खर्चाचा चार वर्षांत विभागलेला घसारा, म्हणजे वापराने झिजणाऱ्या वस्तूच्या किमतीचा त्या काळापुरता वाटा, त्यात मिळवला, आणि नफ्याचा तोटा झाला. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे पडले की मुले शिकायला आली आहेत, मजुरीला नव्हे, तेव्हा हा आकडा धरूच नये. मुलांना कोणी मजुरी देणार नव्हते, हे खरेच. पण तो आकडा गाळला, तर घरची माणसे शेतात राबतात ते फुकट असते, असेच आम्ही शिकवले असते. आणि अनेक शेतकरी कुटुंबे स्वतःच्या हिशेबात हीच चूक करतात.

तासांची फोड केली तेव्हा सर्वाधिक वेळ खुरपणीत आणि त्याखालोखाल जुड्या बांधण्यात गेलेला दिसला. म्हणून दुसऱ्या हंगामात ओळींमध्ये वाळलेल्या गवताचे आच्छादन केले. तण कमी झाले आणि ओलही टिकली. पेरणीआधी मुलांनी दारोदार जाऊन कोण दर आठवड्याला किती जुड्या घेईल हे लिहून आणले आणि तेवढ्याच बेताने दर आठ दिवसांनी थोडे थोडे वाफे पेरले. शेवटची काढणी सुट्टीपूर्वी संपेल अशी बसवली आणि नंतर रिकाम्या वाफ्यांत हिरवळीचे खत म्हणून मातीत गाडायला ताग पेरला.

या वेळी मजुरी धरूनही पालक आणि मुळा तोट्यातून बाहेर आले. मेथी नाही आली. हिशेबवहीत तिच्या रकान्यासमोर त्याच मुलाने पेन्सिलने लिहून ठेवले आहे : ‘मेथी बंद करायची का, की नुसती जुडी मोठी बांधतोय आपण?’ पुढच्या हंगामाच्या पहिल्या तासाला आम्ही वजनकाटा घेऊन तिथूनच सुरुवात करणार आहोत.