हे तुमच्यासाठी आणलंय

आमच्या वाचक मंडळाचा वार्षिक मेळावा एप्रिलमध्ये असतो, 23 तारखेच्या जवळच्या रविवारी. 23 एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन. युनेस्कोने तो 1995 साली ठरवला. मेळाव्याला भाषण नसतं, हारतुरे नसतात, प्रमुख पाहुणे तर नसतातच. खुर्च्या गोलात मांडायच्या, मधे लांब टेबल ठेवायचं आणि प्रत्येकाने वर्षभरात वाचलेलं एक पुस्तक त्यावर आणून ठेवायचं. मग संध्याकाळपर्यंत त्या पुस्तकांबद्दल बोलायचं.

नियम मोजकेच. पुस्तक त्याच वर्षी वाचलेलं हवं. शाळेत असताना वाचलं होतं, अजून लक्षात आहे, हे चालत नाही. इतकं लक्षात असेल तर पुन्हा वाचा आणि मग घेऊन या. शेवट सांगायचा नाही. एक पान मोठ्याने वाचायचं. आणि पुस्तक कुणासाठी आणलं ते नाव घेऊन सांगायचं. या शेवटच्या नियमासाठीच मी हे लिहायला बसले आहे. ‘सर्वांनी आवर्जून वाचावं असं पुस्तक’ असं कुणी म्हणालं की आमच्या ग्रंथपाल बाई हात वर करतात आणि अगदी शांतपणे विचारतात, ‘सर्वांनी म्हणजे कुणी?’

बाई आता निवृत्त झाल्या आहेत, पण मंडळात त्यांची ओळख तीच राहिली. हा नियम त्यांचा. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि मग जन्मभर त्याच कामात राहिले. बाई म्हणतात, दुसरा आणि तिसरा सिद्धांत वाचताना एकच वाटतात, पण कामाला लागल्यावर कळतं की ते वेगळे आहेत. वाचक समोर येऊन उभा राहतो, काहीतरी मागतो. पुस्तक मागू शकत नाही. ते कपाटात गप्प उभं असतं. त्याच्या वतीने कुणीतरी वाचक शोधायला निघावं लागतं, आणि मेळाव्यात आम्ही तेच करतो.

नाव घ्यायचं म्हटल्यावर पहिल्यांदा सगळ्यांनाच अवघड जातं. पुस्तक आवडलं हे सांगणं सोपं. पण समोरच्या माणसाला ते का आवडेल हे सांगायला तो माणूस माहीत असावा लागतो. त्याला लांबलचक वर्णनं सोसतात का? सध्या त्याच्या घरात काय चाललं आहे? आजारपण असलेल्या घरात मृत्यूवरची कादंबरी द्यायची की नाही? यावर आमच्यात दरवर्षी दोन बाजू पडतात. माझं मत, द्यावी, पण आधी विचारून.

एका वर्षी आमच्यातली एक मुलगी प्राथमिक शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाली होती. दूरची शाळा, दोन खोल्या, शिकवायला ती एकटी. नोकरी मिळाल्याचा आनंद होता, पण चेहऱ्यावर धास्तीही दिसत होती. निवृत्त मुख्याध्यापक उठले, टेबलावरून ‘बनगरवाडी’ उचलली आणि तिच्यासमोर ठेवली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 साली आली. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला जातो, एवढंच सर बोलले. शाळा सुरू करण्याआधी मास्तराला वाडीतल्या माणसांचा विश्वास कसा मिळवावा लागतो, त्या भागातलं एक पान त्यांनी वाचलं. मग म्हणाले, ‘बाळ, यात शिकवण्याच्या युक्त्या मिळणार नाहीत. पण पहिले सहा महिने मुलं का येत नाहीत ते कळेल.’

पुढच्या मेळाव्यात ती बोलायला उभी राहिली ती हातात वही घेऊनच. कादंबरी वाचून तिने शाळा सुटल्यावर रोज एका घरी जायला सुरुवात केली होती. कुणाच्या घरी कोण आहे, कोण कामाला कधी जातं, मूल कुणाच्या ताब्यात असतं, हे तिने लिहून ठेवलं होतं. पुस्तकाचं परीक्षण वगैरे तिने काही केलंच नाही. त्या वहीतली दोन पानं वाचून दाखवली आणि ‘सर, तुमचं पुस्तक परत आणलंय’ म्हणाली. सरांनी ते घेतलं नाही.

मेळाव्याची सुरुवात नेहमी अशीच होते, गेल्या वर्षी दिलेल्या पुस्तकांपासून. कुणी कुणाला काय दिलं ते लिहायची एक जाड बांधणीची वही आहे. चिटणीस काका तिच्यातलं एकेक नाव पुकारतात आणि ज्याला पुस्तक मिळालं होतं त्याने काय झालं ते सांगायचं. वाचलं, अर्धवट सोडलं, उघडलंच नाही, सगळं चालतं. नाही आवडलं तर तसंच सांगायचं, देणाऱ्याच्या तोंडावर. बाहेरून आलेल्यांना हे कठोर वाटतं. मला हा मेळाव्याचा सगळ्यात चांगला भाग वाटतो, कारण पुस्तक देणाऱ्यालाही त्यामुळे पुढच्या वेळी जास्त विचार करावा लागतो.

‘कोसला’वरून झालेली चर्चा अशाच एका नकारातून निघाली. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने ती आमच्या हिशेबनीस काकांना दिली होती. काकांनी दोनदा सुरू केली, दोनदा ठेवून दिली. कादंबरीच्या नायकाला, या पांडुरंग सांगवीकराला, नेमकं हवं तरी काय, असा त्यांचा प्रश्न. मुलगा म्हणाला, तो प्रश्न तुम्हाला पडला म्हणजे कादंबरी तुमच्यापर्यंत पोचली. काका म्हणाले, पोचली असेल, पण बसली नाही. भालचंद्र नेमाड्यांची ही पहिली कादंबरी, 1963 सालची, आणि तेव्हा काका स्वतः विशीत होते. ‘तेव्हा वाचली असती तर?’ असं कुणीतरी विचारलं. काका बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, त्या वयात मला कमवायचं होतं, असा कंटाळा यायला सवड नव्हती. त्या उत्तरावर मुलगा गप्प झाला, आणि नंतर त्याने काकांना त्यांच्या विशीबद्दल जे विचारायला सुरुवात केली ती दुपारच्या सुट्टीतही थांबली नाही. पुस्तक काकांना आवडलं नाही ते नाहीच. पण त्या दोघांची मैत्री तेव्हापासूनची.

काही पुस्तकं वहीत पुन्हा पुन्हा दिसतात. ‘स्मृतिचित्रे’ त्यातलं एक. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागाने आलं. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या, आणि लिहिलं आहे ते समोर बसून बोलावं तसं. हे पुस्तक मोठ्याने वाचायला सुरुवात केली की वाचणाऱ्याचा आवाज आपोआप बदलतो, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलं आहे की त्याचं आता नवल वाटत नाही. मंडळातल्या एका आजींनी ते आपल्या नातसुनेला दिलं आणि दोघींनी ते रोज थोडं थोडं, आळीपाळीने वाचलं. पुढच्या मेळाव्यात आजी म्हणाल्या, ‘आम्ही दोघी कधी एकमेकींशी एवढं बोललो नव्हतो. नवऱ्याबद्दल काय काय बोलता येतं ते या बाईमुळे कळलं.’ नातसून शेजारी बसून हसत होती.

शेती करणाऱ्या काकांची गोष्ट वेगळी. त्यांना गोष्टीची पुस्तकं नकोत, खरं काहीतरी द्या, असं ते दरवर्षी सांगायचे. त्यांना कुणीतरी वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ दिलं. हे चरित्र 1981 सालचं आणि मराठी घरांत खूप फिरलेलं. बहुतेक जण अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरच्या जिद्दीबद्दल बोलतात. गुलामीत जन्मलेलं मूल, शिक्षणासाठी केलेली वणवण, आणि 1896 पासून टस्कीगीच्या संस्थेतलं काम. काका जिद्दीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. ते बोलले मातीबद्दल. वर्षानुवर्षं कापूसच घेतला की जमीन कशी थकते, भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत कसा आणतात, कार्व्हरने शेतकऱ्यांना पीक बदलायला सांगितलं त्यामागचं शास्त्र काय, आणि मग भुईमूग फार झाल्यावर त्याचं करायचं काय हा नवा प्रश्न कसा उभा राहिला. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते पुस्तक वाचलेलं होतं. पण हा भाग आम्ही भराभर उलटून पुढे गेलो होतो. त्या दिवशी निम्म्या लोकांनी ते पुन्हा वाचायचं ठरवलं.

ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं का, हा प्रश्न एका मेळाव्यात फार ताणला गेला. एका सभासदाची नजर कमी होत चालली होती आणि ते वर्षभर पुस्तकं ऐकत होते. त्यांनी आणलं ते टेबलावर ठेवता येईना, कारण ते फोनमध्ये होतं. काही जण नियमावर अडून बसले. तेव्हा आमच्यातला एक जन्मतः अंध असलेला तरुण उठला. त्याच्या हातात ब्रेल पुस्तक होतं, चांगलंच जाडजूड. त्याने पान उघडलं आणि बोटं फिरवत वाचायला लागला. डोळसांपैकी बहुतेक जण वाचताना मान खाली घालतात. हा आमच्याकडे तोंड करून वाचत होता, त्यामुळे प्रत्येकाला वाटत होतं की तो आपल्यालाच वाचून दाखवतो आहे. वाचून झाल्यावर त्याने सांगितलं, लुई ब्रेलने ही पद्धत तयार केली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. सहा ठिपक्यांत सगळी अक्षरं बसतात. आपल्या भाषांसाठी भारती ब्रेल 1951 साली ठरलं. आणि मग म्हणाला, ‘ब्रेलमध्ये नसलेली पुस्तकं मी ऐकतो. ती मी वाचलेली नाहीत असं कुणाला म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं.’ कुणीच म्हणालं नाही. तेव्हापासून टेबलावर एक कोरा कागदही चालतो, पुस्तकाचं नाव लिहिलेला.

साथीच्या काळात मेळावा पडद्यावर झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पानं वाचली गेली, पण पुस्तक हातातून हातात गेलं नाही, आणि सगळ्यांना तेच खुपलं.

मुलांची पाळी दुपारनंतर येते. त्यांना नियम सांगावे लागत नाहीत. मूल मुळातच ‘सर्वांनी वाचावं’ असं बोलत नाही. ‘हे तू वाच, तुला कुत्रा आवडतो ना’ असं म्हणतं. एकदा दुसरीतल्या एका मुलीने वाघाचं चित्रांचं पुस्तक थेट ग्रंथपाल बाईंच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी कारण विचारलं. ‘तुमच्याकडे सगळी मोठ्यांचीच पुस्तकं असतात ना, म्हणून.’ बाईंनी ते रीतसर वहीत नोंदवून घेतलं आणि पुढच्या वर्षी, त्यांचं नाव पुकारल्यावर, उभं राहून त्यावर बोलल्या. वाघाच्या पिल्लाची कोणती दोन चित्रं त्यांना सगळ्यात आवडली तेही सांगितलं. ती मुलगी पुढे सरकून, कान देऊन ऐकत होती. मोठ्या माणसाने आपली शिफारस इतकी मनावर घेतलेली तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. मला स्वतःला बाईंचा तो दिवस त्यांच्या सगळ्या सिद्धांतांहून मोलाचा वाटतो.

यंदा मी विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ नेणार आहे. 1939 सालची ही लहानशी कादंबरी मी पावसाळ्यात पुन्हा वाचली. युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, चक्रधर नावाचा मराठी तरुण आणि हॅर्टा ही ज्यू तरुणी. महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी हे मराठीत लिहून छापलं गेलं होतं, हे मला अजूनही फार मोठं वाटतं. गेल्या मेळाव्यात अकरावीतल्या एका मुलाने विचारलं होतं की महायुद्धाचं सगळं आपण भाषांतरातूनच वाचायचं का, मराठीत त्या दिवसांवर कुणी काही लिहिलंच नाही का. त्याला तेव्हा कुणी नीट उत्तर दिलं नाही. पुस्तक त्याच्यासाठी आहे. वाचायचं पान अजून ठरलेलं नाही. दोन पानांत खुणा घालून ठेवल्या आहेत, आणि शेवट न फोडता त्यातलं कोणतं वाचता येईल ते या आठवड्यात मोठ्याने वाचून बघणार आहे.