न झालेली जखम

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'तुमचा आदर्श कोण?' या प्रश्नाला मी दर वेळी 'माझी आजी' असं उत्तर देते. मग पुढचा प्रश्न ठरलेला, 'त्यांनी असं काय केलं?' तिथं मी बरीच वर्षं अडखळायचे, कारण आजीच्या कामाचा पुरावा म्हणजे एक न झालेली जखम.

आजोबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुढची चार वर्षं ते अंथरुणावरच होते. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की माकडहाडाशी, खुब्यावर, टाचेवर कातडी दबते, तिथं रक्त पोचत नाही आणि जखम होते. कधी कधी ती हाडापर्यंत जाते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीसुद्धा. दिवसाला 12 वेळा, म्हणजे चार वर्षांत 17,000 पेक्षा जास्त वेळा. शिवाय भरवणं. आधी टेकवून बसवायचं, घास गिळला याची खात्री झाल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनियाची भीती. एकेका जेवणाला तासभर लागायचा. शेवटच्या महिन्यात घरी आलेल्या डॉक्टरांनी आजोबांना वळवलं, पाठ बघितली आणि विचारलं, "यांचं सगळं कोण करतं?"

मी त्याच घरात होते. शाळेत जात होते, अभ्यास करत होते आणि हे मला दिसत नव्हतं. घरात रोज घडणारं काम दिसेनासं होतं, ही खंत मला आजही आहे.

अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी 20 प्रश्न तयार केले होते. आजी-आजोबा कुठं वाढले, आईवडील कसे भेटले, असे. ज्या मुलांना घरच्या गोष्टी जास्त ठाऊक होत्या, त्यांचा आत्मविश्वासही जास्त असल्याचं त्यांना आढळलं. ते वाचून मी स्वतःला आजीबद्दल प्रश्न विचारायला लागले आणि मला फारच थोडं ठाऊक आहे हे कळलं. मग सरळ तिच्यापुढे जाऊन बसले.

तिनं आधी सांगितला तो राग. "पहिली दोन वर्षं फार चिडचिड व्हायची गं. मनातल्या मनात त्यांनाच बोल लावायचे." हे ऐकल्यावर ती मला आणखी मोठी वाटली. राग गिळूनही तिचे हात हळुवारच राहिले होते.

आणि मी तिचं कौतुक करायला लागले, तर तिनं मला थांबवलं. "माझं एकटीचं नाही ते. रात्री दोनची पाळी तुझ्या आत्याची असायची. सकाळी कामावर जायचं असायचं तिला, तरी मला उठवायची नाही."

आत्याबद्दल हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. परवा तिला फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "ये एकदा, निवांत बोलू."