खुर्ची नंबर 41

जानेवारीतला रविवार होता, सकाळचे 11 वाजून 20 मिनिटं. धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसात मी एकटीच बसले होते. खिडकीतून कोवळं ऊन टेबलावर आलं होतं आणि खाली रस्त्यावर संत्र्याच्या गाडीवाल्याशी कोणीतरी भाव करत होतं. 26 जानेवारीला जोडून सुट्टी आली होती, आणि आमचे 34 जण हिमालयात स्कीइंगला गेले होते. टूर लीडरचा फोन आला.

"ताई, चेअरलिफ्ट बंद पडली. आपले नऊ जण वर लटकून आहेत. मी खालीच आहे, लायनीत."

"किती वेळ झाला?"

"दहा मिनिटं. सकाळपासून थांबून थांबूनच चालून राहिली होती, पण आता चालूच नाही करून राहिले. काही सांगूनही नाही राहिले."

टूरच्या धंद्यात मला 14 वर्षं झाली. विमान रद्द होणं, घाटात बस बंद पडणं, हॉटेलवाल्याने ऐनवेळी खोल्या नाकारणं, हे सगळं फोनवरून निस्तरायची सवय आहे. पण माणसं जमिनीपासून दोन मजले उंच, फिरत्या दोराला लटकणाऱ्या उघड्या खुर्चीत, उणे चार तापमानात अडकलेली, आणि मी नागपुरात! हात गार पडले माझे. त्या जागेचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांची चूक होती, तशी त्या दिवशीची त्यांची मेहनतही मला माहीत आहे.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटर उंच. इथल्या मुलांना बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा. तरी गेल्या काही वर्षांत स्कीइंगची चौकशी वाढली. 2018 मध्ये आंचल ठाकूरने तुर्कस्तानात कांस्यपदक जिंकलं, स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये काश्मीरचा आरिफ खान भारताचा एकुलता एक खेळाडू होता. या बॅचमधली 12 वर्षांची एक मुलगी त्यालाच टीव्हीवर तिरंगा धरून चालताना पाहून आईच्या मागे लागली होती. आईला सुट्टी मिळेना, म्हणून सोबतीला आजोबा आले. आजोबा म्हणजे सावनेरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत उभी नोकरी काढलेला माणूस. बुकिंगच्या वेळी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता : "खुर्ची ओढणारा दोर किती जाड असते जी?"

ते दोघं त्या नऊ जणांत होते.

अशी टूर विकायच्या आधी मी स्वतः जाऊन बघते. आदल्या हंगामात तिथे गेले, तेव्हा लिफ्ट चालवणाऱ्याच्या केबिनमध्ये तासभर बसले होते. दोन माणसांची खुर्ची, दर 15 सेकंदांनी एक. म्हणजे मिनिटाला आठ माणसं, तासाला 480, तेही लिफ्ट एकदाही थांबली नाही तर. पण ती थांबतेच. पायात स्की बांधलेला नवखा माणूस खुर्चीत बसताना घसरतो, ऑपरेटर बटण दाबतो, त्याला उचलून बाजूला करेपर्यंत दोन मिनिटं जातात. तासाला असं दहा वेळा झालं की 160 माणसं मागे राहिली. शिवाय त्याच लिफ्टमधून नुसते वर फोटो काढायला जाणारे पर्यटकही जातात. सुट्टीच्या दिवशी खाली पाचशेची रांग असते. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी त्याच सुट्टीची तारीख विकली, कारण त्याच तारखेला लोकांना रजा मिळते आणि बॅच भरते. त्याची जबाबदारी माझी आहे.

आधी मी त्या केबिनचा नंबर लावला. चौथ्या वेळी उचलला. मागे माणसांचा नुसता गोंगाट. ऑपरेटरचा आवाज बसला होता.

"मॅडम, हवा बहुत है. सात नंबर खंबे पे रस्सा सरक गया. आदमी भेजा है ऊपर."

"लटके हुए लोगों को बताया?"

"कैसे बताऊँ मॅडम? यहाँ पब्लिक केबिन का दरवाज़ा पीट रही है."

सगळी गोष्ट त्या एका वाक्यात होती. सात नंबरचा खांब म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. चेअरलिफ्टचा दोर प्रत्येक खांबावर लहान चाकांच्या रांगेवरून सरकतो. जोराच्या वाऱ्याने तो चाकावरून जरा बाजूला झाला, की तिथे बसवलेली ठिसूळ कांडी मोडते आणि त्याच क्षणी लिफ्ट आपोआप बंद होते. म्हणजे लिफ्ट बिघडली नव्हती, तिने आपलं काम केलं होतं. वीज गेली असती तर डिझेल इंजिनवर हळूहळू ओढून सगळ्यांना उतरवता आलं असतं. पण दोरच जागेवरून सरकला असेल तर इंजिन तयार असूनही ओढायचा नसतो. आधी माणसाने खांबावर चढायचं, दोर डोळ्यांनी बघायचा, जागेवर बसवायचा, नवी कांडी लावायची, मग कुठे मंद वेगात चालू करायचं. त्या वाऱ्यात अर्धा-पाऊण तास ठरलेला. एवढं लटकलेल्यांना आणि रांगेतल्यांना कळलं असतं, तर कोणी दरवाजा पिटला नसता.

मग आमच्या नऊ जणांना फोन लावत सुटले. पाच जणांचे फोन लागलेच नाहीत. सहावा आजोबांचा. दुसऱ्या रिंगला उचलला.

"आजोबा, ऑफिसातून बोलते. कसे आहात?"

"बसून आहो जी. पोरगी जरा घाबरली आहे. दोर कायले थांबवला, ते समजलं का?"

मी सगळं सांगितलं. चाक, कांडी, सात नंबरचा खांब. ते मधे एक शब्द बोलले नाहीत. मग फोन बाजूला धरून नातीला म्हणाले, ते मला स्पष्ट ऐकू आलं. "बेटा, दोर तुटला नाही. दोर थांबवला आहे. आमच्या खाणीत हॉलेजचा, डबे ओढायचा दोर चालू असला अन् एक घंटी वाजली, का थांबायचं. मग कोणी हलायचं नाही. ही तीच घंटी आहे."

खुर्चीवर नंबर आहे का बघा, असं मी म्हटलं. वर दांड्यावर पट्टी होती, 41. ऑपरेटरला मेसेज केला : 41 वर लहान मुलगी आहे. आजोबांना सांगितलं की आडवा दांडा वर उचलायचा नाही, काही झालं तरी खाली उडी मारायची नाही. खाली बर्फ मऊ दिसतो, पण त्या उंचीवरून पाय मोडतो. हातमोज्यासकट हात काखेत धरा, बोटं हलवत राहा. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, थंडीत बॅटरी झटकन उतरते. दर दहा मिनिटांनी मीच करते, तुम्ही नका करू.

"बाकीच्या खुर्च्यांना कोणी सांगितलं का हे?" त्यांनी विचारलं.

नाही, म्हटलं.

मग त्यांनी जे केलं ते मी फोनवरून ऐकलं. पुढच्या खुर्चीवर दिल्लीची दोन मुलं होती. आजोबांनी खाणीतला आवाज काढला. "ओ भैया! हवा से रस्सा सरका है! आदमी ठीक करने गया है! पौन घंटा लगेगा! कूदना नहीं! आगे बताओ!" त्या मुलांनी पुढे ओरडून सांगितलं. मागच्या खुर्चीवर एक गुजराती जोडपं होतं, त्यांनी मागे सांगितलं. वाऱ्यात शब्द तुटत होते, तरी दोन-तीनदा ओरडून निरोप दोन्हीकडे सरकत गेला. आमच्या ज्या पाच जणांचे फोन लागत नव्हते, त्यांना तो तसाच मिळाला. खाली टूर लीडरलाही मी तेच सांगितलं, आणि तो रांगेत मोठ्याने सांगत फिरला. केबिनच्या दारातली गर्दी त्याने, दोन स्की इन्स्ट्रक्टरनी आणि एका रिटायर्ड फौजी काकांनी मिळून मागे सारली. ऑपरेटर पुन्हा आपल्या जागेवर बसला.

11:40 ला मी पुन्हा फोन केला, तर मुलगी रडत होती. भीतीपेक्षा तिचे पाय दुखत होते. त्या खुर्चीला खाली पाय टेकवायला दांडा नाही. स्कीचे बूट आधीच दगडासारखे, त्याला लांब स्की अडकवलेली, आणि ते सगळं वजन गुडघ्याला लोंबतं. मोठ्या माणसालाही दहा मिनिटांत कळ लागते. स्की काढून टाकू का, असं ती विचारत होती. मी नाही म्हटलं. वरून पडलेली स्की खालच्या माणसाचा जीव घेईल.

"थांबा जी," आजोबा म्हणाले. थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग म्हणाले, "झालं. तिच्या स्कीखाली मी माझा पाय घातला."

भाड्याच्या गमबुटातला उजवा पाय त्यांनी तिच्या दोन्ही स्कीखाली आडवा धरला होता. पुढची 20 मिनिटं तो त्यांनी काढला नाही.

मुलीला बोलतं ठेवायचं म्हणून मी तिला पहिल्या चेअरलिफ्टची गोष्ट सांगितली. 1936 मध्ये अमेरिकेतल्या सन व्हॅलीत ती सुरू झाली. ज्या इंजिनिअरने ती तयार केली, त्याने आधी जहाजात केळीचे घड चढवायची यंत्रणा पाहिली होती. दोर फिरतो, त्याला हुक, हुकाला घड. त्याने हुकाच्या जागी खुर्ची लावली.

"म्हणजे आम्ही केळी आहोत?" तिने नाक ओढत विचारलं.

आजोबा हसले. तीही हसली. मी टेबलावर डोकं टेकवून क्षणभर गप्प राहिले.

12:02 ला टूर लीडरचा मेसेज आला : चालू. पहिल्यांदा खुर्च्या इतक्या हळू सरकल्या की लोकांना कळलंच नाही. 12:15 पर्यंत आमचे नऊही जण वर उतरले. लिफ्ट 52 मिनिटं बंद होती. आजोबांच्या उजव्या पायाच्या बोटांना संवेदना नव्हती. वरच्या चहाच्या टपरीवाल्याने त्यांना आत बसवलं, बूट काढून कोरड्या घोंगडीत पाय गुंडाळला, हळूहळू ऊब दिली. लगेच शेगडीजवळ न्यायचा नसतो, हे त्याला आपसूक ठाऊक होतं. तासाभराने बोटं ठणकायला लागली, तेव्हा आजोबांना बरं वाटलं.

वाऱ्यामुळे लिफ्ट त्या दिवसापुरती बंद केली. मुलीचा कोर्सचा तिसराच दिवस, पण इन्स्ट्रक्टर तिच्या पुढे राहिला, आणि स्कीची टोकं आत वळवून, ब्रेक धरत धरत ती त्याच उतारावरून खाली आली. 41 नंबर वर रिकामी झुलत होती म्हणे.

मी खुर्चीत मागे टेकले आणि माझा दुसरा फोन पाहिला. सहा मिस्ड कॉल. मुलीच्या आईचे.

त्या धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, रविवारी ड्युटीवर होत्या. कुणीतरी रांगेतून व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता : थांबलेली लिफ्ट, लटकलेली माणसं, मागे आरडाओरडा. त्यांनी तो 11:35 ला पाहिला. वडिलांचा फोन बिझी, ऑफिसचा फोन बिझी. दोन्ही फोन एकमेकांशीच बोलत होते.

मी लगेच लावला. सगळे सुखरूप आहेत, असं आधी सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्या मुलीशी बोलत होत्या, ते चांगलंच केलं. पण मी इथे वॉर्डात पेशंटला औषधं देऊन राहिली होती, अन् तो व्हिडिओ पाहून राहिली होती. मला एक मेसेज नसता का करता आला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. केबिनमधल्या माणसाने लटकलेल्यांना सांगितलं नाही म्हणून तासभर माझं डोकं तापलं होतं. आणि त्या 34 जणांपैकी एकाच्याही घरी मी स्वतः कळवलं नव्हतं. त्या दुपारी एकेक घर घेतलं. नऊ फोन, मग उरलेले. महाल भागातल्या एका घरी सासूबाईंनी देवापुढे दिवा लावून ठेवला होता, त्यांनाही तो व्हिडिओ मिळाला होता.

त्यानंतर दोन-तीन गोष्टी बदलल्या. जोडसुट्टीची बॅच बंद केली. आता फेब्रुवारीत, मंगळवार ते शनिवार. नवख्यांना पहिले दोन दिवस लिफ्ट नाही, खालच्याच बर्फावर आडव्या पावलांनी चढायचं आणि घसरत यायचं. शिकायला तेवढा उतार पुरतो, रांगेत जाणारा वेळही वाचतो. बॅच बर्फात असते त्या दिवसांत ऑफिसात दोन जण असतात, त्यातला एक फक्त घरच्यांसाठी. लिफ्ट चालवणाऱ्यांना पत्र लिहिलं : खांबांवर भोंगे बसवा, आणि हवामान खात्याने वाऱ्याचा इशारा दिला असेल त्या दिवशी तिकीट विक्री सकाळीच आवरा. आजोबांनी त्या पत्राला पेन्सिलने काढलेली एक आकृती जोडली : दोर, चाकं, कांडी आणि प्रत्येक खांबाला एक घंटी. पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. मी दर महिन्याला आठवण पाठवते.

पुढच्या फेब्रुवारीच्या यादीत त्या मुलीचं नाव आहे. फॉर्मवर संपर्काच्या रकान्यात तिच्या आईने दोन नंबर लिहिलेत, एक स्वतःचा, आणि एक वॉर्डातल्या लँडलाइनचा.