डोमेनची मुदत संपल्यावर तेराव्या दिवशी: माझा अनुभव

बेळगावच्या शहापुरातल्या एका साडीच्या दुकानाचं डॉट कॉम नाव (डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता) मुदत संपल्यावर तेराव्या दिवशी परत चालू केलं. त्यासाठी काय काय करावं लागलं ते इथे लिहितो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच दुकानांची, पतसंस्थांची नावं अशीच घेतलेली आहेत: साइट बनवणारा कोल्हापूरचा किंवा पुण्याचा, नाव त्याच्या खात्यात, आणि मालकाकडे फक्त पैसे दिल्याची पावती.

पत्ता टाकला की जाहिरातींचं पान उघडत होतं आणि दुकानाच्या मेलवर पाठवलेलं पत्र लगेच परत येत होतं. सगळ्यांचा पहिला संशय होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर घेतलेल्या जागेवर जातो. पण होस्टिंग आणि डोमेन ही दोन वेगळी बिलं. होस्टिंग संपलं तर नाव सर्व्हरपर्यंत पोचतं आणि तिथे 'खातं बंद' असं काही तरी दिसतं. डोमेन संपलं की नेमसर्व्हरच (नाव कुठल्या सर्व्हरवर न्यायचं ते सांगणारे संगणक) बदललेले असतात, त्यामुळे साइट आणि मेल एकदम जातात.

डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर नाव टाकून पाहिलं, तर मुदत चक्क पुढच्या वर्षाची! इथे भलेभले फसतात. मुदत संपली की डॉट कॉमची रजिस्ट्री (सगळ्या डॉट कॉम नावांची मुख्य नोंद ठेवणारी कंपनी) स्वतःच्या नोंदीत एक वर्ष आपोआप वाढवते आणि रजिस्ट्रारला (ज्या कंपनीकडून आपण नाव घेतो तिला) ते रद्द करायला 45 दिवस देते. आपण पैसे भरले आहेत असा त्याचा अर्थ मुळीच नाही. बघायचं ते स्टेटस. 'ऑटो रिन्यू पिरियड' लिहिलं असेल तर नाव मुदतीबाहेर आहे, पण वाचवता येतं. 'क्लायंट होल्ड' म्हणजे रजिस्ट्रारने ते बंद पाडलंय. 'रिडेम्प्शन पिरियड' (काढून टाकलेलं नाव सोडवून घ्यायची मुदत) म्हणजे महाग पडणार. 'पेंडिंग डिलीट' असेल तर काहीही करता येत नाही. पाच दिवसांनी नाव सुटेपर्यंत थांबायचं, आणि सुटताक्षणी ते पकडायला टपलेल्या यंत्रणांशी स्पर्धा करायची. पानावरची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. 20:00 लिहिलं असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटेची दीड.

मुदतीनंतर किती दिवस नेहमीच्याच दरात नूतनीकरण करू द्यायचं हे रजिस्ट्रार ठरवतो. 45 दिवस त्याला मिळतात, ग्राहकाचा त्यावर हक्क नाही. कोणी 30 देतो, कोणी कमी. त्यानंतर नाव काढून टाकलं तर रिडेम्प्शनचे 30 दिवस मिळतात, पण तेव्हा नूतनीकरणाच्या कितीतरी पट शुल्क वर द्यावं लागतं. मला सगळ्यात धोक्याची वाटते ती मधली वाट: अनेक रजिस्ट्रार नाव काढून न टाकता लिलावात ठेवतात. ते दुसऱ्याने घेतलं तर रिडेम्प्शन येतच नाही. म्हणून पहिल्या दिवशीच रजिस्ट्रारच्या अटींचं पान उघडून लिलावाचा दिवस आणि रिडेम्प्शनमधून नाव परत मिळवायचं शुल्क वाचा. हे शुल्क जाहीर करणं आयकॅनच्या 2013 पासून लागू असलेल्या धोरणानुसार बंधनकारक आहे.

त्याच धोरणाप्रमाणे रजिस्ट्रारने तीन सूचना पाठवायच्या असतात: मुदतीआधी साधारण महिनाभर, मग आठवडाभर आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत. सूचना गेल्याच होत्या. पण त्या ज्या पत्त्यावर जायच्या तो पत्ता त्याच डोमेनचा होता. पहिल्या दोन कुणी न उघडलेल्या पेटीत पडून राहिल्या, आणि तिसरी निघेपर्यंत मेलच बंद. खात्याचं लॉगिनही त्याच पत्त्यावर असतं तर पासवर्ड बदलायची लिंकही तिथेच गेली असती, म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खोलीत. साइट बनवणाऱ्याच्या स्वतःच्या जीमेलवर खात्याचं लॉगिन होतं, म्हणून काम निभावलं. ते नसतं तर रजिस्ट्रारला ओळखपत्र, जीएसटी प्रमाणपत्र आणि आधीची बिलं पाठवून मालकी सिद्ध करावी लागली असती, आणि इकडे दिवस मोजणं चालूच राहिलं असतं.

आपोआप नूतनीकरण चालू होतं, तरी पैसे कापले गेले नव्हते. कारण साधं आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरच्या आवर्ती वसुलीला रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (आपोआप वसुलीला आधी दिलेल्या परवानगीचे) नियम लागतात. कार्डधारकाने आधी ओटीपी देऊन मँडेट नोंदवलेला नसेल तर बँक वसुली नाकारते. पुढे कार्डांचे नंबर दुकानांनी साठवून ठेवणंही बंद झालं, त्यामुळे जुनी नोंदवलेली कार्डं निकामी झाली. पॅनेलवर 'चालू' दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. बिल डॉलरमध्ये असेल तर बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहारही उघडावे लागतात.

पैसे भरायच्या आधी बिलावरचा पत्ता बदला. फॉर्ममध्ये राज्य महाराष्ट्र होतं, कारण भरणारा कोल्हापूरचा. रजिस्ट्रार मुंबईचा असेल तर अशा बिलावर 9 अधिक 9 टक्के, केंद्राचा आणि महाराष्ट्राचा जीएसटी लागतो, आणि 29 ने सुरू होणारा कर्नाटकातला जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) असलेल्या दुकानाला त्याची वजावट मिळत नाही. कर्नाटक आणि स्वतःचा जीएसटीआयएन टाकला की 18 टक्के आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लागतो, त्याची मिळते.

उशिरा भरलं म्हणून नवीन वर्ष आजपासून सुरू होत नाही, ते जुन्या तारखेपासूनच धरलं जातं. लवकर भरल्यानेही दिवस वाया जात नाहीत. एका वेळी पुढची दहा वर्षं भरता येतात.

पैसे भरल्यावर स्टेटस लगेच सुधारलं, पण नेमसर्व्हर जाहिरातीच्या पानाचेच राहिले होते. ते हाताने पूर्वीसारखे केले. डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदींचा टीटीएल (इतर सर्व्हरांनी जुनं उत्तर साठवून ठेवायचा काळ) 48 तासांचा असतो, म्हणून कुणाच्या मोबाइलवर साइट दिसते आणि कुणाच्या संगणकावर नाही, असं दोन दिवस चाललं. त्या काळात पुन्हा पुन्हा सेटिंग बदलू नका. एमएक्स (मेल कुठे पोचवायचा) आणि एसपीएफच्या (आपल्या नावाने मेल कुणी पाठवायचा) नोंदी जागेवर आहेत ना ते पाहून बाहेरच्या पत्त्यावरून एक मेल पाठवून बघा. बंद काळात परत गेलेले मेल आपोआप येत नाहीत, ते मागवावे लागतात.

नंतर नोंदणीधारक म्हणून दुकानमालकांचं नाव घातलं आणि संपर्काला वेगळ्या डोमेनवरचा ईमेल दिला. नवीन ईमेलची खात्री करणारी लिंक 15 दिवसांत उघडायची, नाहीतर नाव पुन्हा बंद पडतं. नोंदणीधारक बदलल्यावर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायला सहसा 60 दिवसांचं कुलूप लागतं. तसंही मुदतीनंतर भरलेलं नाव 45 दिवसांच्या आत हलवू नये, नुकतंच विकत घेतलेलं वर्ष बुडू शकतं.

डॉट इन आणि डॉट भारत नावं निक्सी या भारतीय संस्थेकडे आहेत, त्यांना आयकॅनचं हे धोरण लागू नाही. तिथे रजिस्ट्रारच्या अटी वेगळ्या वाचायच्या. आणि 'नूतनीकरण' म्हणून बिल घेऊन येणाऱ्या अनोळखी मेलवरून कधीही पैसे भरू नका. रजिस्ट्रारच्या साइटवर स्वतः लॉगिन करून भरा. आता त्या दुकानाच्या कॅलेंडरवर मुदतीच्या 60 दिवस आधीची तारीख लाल शाईने लिहिली आहे, खाली खात्याचा ईमेल आणि रजिस्ट्रारचं नाव.