वाडीच्या चित्रात समुद्र का नाही?

दिवेआगरच्या आमच्या आजोळच्या वाडीचं मी काढलेलं जलरंगातलं चित्र बैठकीत लावलंय. येणारा जाणारा थोडा वेळ त्यात काहीतरी शोधतो आणि विचारतो, "कोकणातली वाडी ना? मग समुद्र कुठाय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तिथे घरं रस्त्याला तोंड करून आहेत. घरामागे नारळ-पोफळीची वाडी, तिच्यापलीकडे केवडा आणि सुरूची झाडं, आणि मग कुठे वाळूची पुळण. मागच्या पडवीत बसलं की गाज ऐकू येते, पाणी मात्र दिसत नाही. दिसूच नये, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झाडं राखलेली.

पोफळीला, म्हणजे सुपारीच्या झाडाला, ऊन सोसत नाही. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलला की तिसऱ्या प्रहरी नैर्ऋत्येकडून येणारं तिरपं ऊन थेट खोडावर बसतं. खोड त्या अंगाने भाजतं, तडकतं आणि पुढे वाऱ्यात तिथेच मोडतं. म्हणून कडेच्या पोफळींना वाळक्या झावळ्या नाहीतर विरी, म्हणजे पोफळीच्याच पानाचे रुंद देठ, गुंडाळतात. चित्रात डावीकडच्या खोडांवर फिके तपकिरी पट्टे आहेत ते हेच. एका पाहुण्यांना ती बँडेजं वाटली, आणि खरं तर ते फारसं चुकले नव्हते.

रंगवताना त्रास दिला तो हिरव्याने. ट्यूबमधला तयार हिरवा वाडीत खोटा दिसतो. प्रशियन निळ्यात पिवळा आणि थोडा बर्न्ट सिएना घातल्यावर पाटाकडेची ती काळपट ओल आली. खोडांच्या फटींत पश्चिमेकडे मी काही रंगवलंच नाही, कोरा कागद सोडला. संध्याकाळी पाण्यावरून येणारा उजेड तेवढाच आत पोचतो. समुद्र हवाच असेल तर तो तिथे आहे.

चित्र निसर्ग वादळाआधीचं. ३ जून २०२० च्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि काही तासांत वाडी आडवी झाली. पोफळी मुळासकट गेल्या, सुरूही पडले. फोन लागायला लागले तेव्हा मामाने नुकसानीचा आकडा सांगितलाच नाही. म्हणाला, "अगो, मागल्या दारातून समुद्र दिसतोय." पुढे त्याला बोलवेना.

आता नवी पोफळ लावलीय. सुपारी धरायला सहा-सात वर्षं तरी जातात, आणि तोवर रोपांना सावली हवी म्हणून मधूनमधून केळी. एका होमस्टेवाल्यांनी हे चित्र मागितलं होतं, "मागे जरा निळा पट्टा ओढा" म्हणून. समुद्राचं वेगळं चित्र काढून देते म्हटलं, पण या चित्राला हात लावणार नाही. ते अजून विचार करताहेत.