शिंगात शिंगं अडकली की

दोन नर हरणं माजावर येऊन भिडतात आणि शिंगं अशी काही अडकतात की सुटतच नाहीत, असा व्हिडिओ बघितला की पहिला विचार येतो, अरे जा ना कोणीतरी, ओढून काढा! पण ओढायचं नसतंच. माणूस जवळ गेला की ती जीव खाऊन झटके देतात, त्यात त्यांची मान मोडू शकते आणि खुराची एक लाथ बसली तर आपलंही कल्याण. शिवाय घाबरून जास्त धडपड केली की स्नायूच खराब व्हायला लागतात, म्हणजे सुटून पळालेलं हरीण दोन-चार दिवसांनी मरू शकतं, आणि आपण इकडे टाळ्या वाजवत बसलेलो.

म्हणून लांब थांबायचं, कुत्री-गर्दी हटवायची, वनविभागाला फोन करायचा. ते लोक लांबूनच बेशुद्धीचं इंजेक्शन मारतात, डोळ्यांवर कापड टाकतात (अंधार झाला की जनावर बरंच शांत होतं) आणि करवतीने शिंगाचं टोक कापतात. क्रूर वाटतं ना? पण वरची मखमली कातडी गळून गेली की शिंग म्हणजे मेलेलं हाड, दुखत नाही, आणि तसंही दरवर्षी गळून नवीन येतंच.